शेल शॉक आणि भारतीय सिपाही : एक ऐतिहासिक आढावा

पहिल्या महायुद्धात सैनिकांना जडलेल्या मनोविकाराची 'शेल शॉक' ही संज्ञा चार्ल्स मायर्स यांच्या फेब्रुवारी १९१५ मधील 'लॅन्सेट'मधील लेखाने वैद्यकविश्वात रूढ झाली. तोफगोळ्याच्या स्फोटाने मज्जासंस्थेस इजा होते, हा आरंभीचा समज फार काळ टिकला नाही; कारण स्फोटापासून दूर असलेल्यांतही कंप, विस्मृती व वाचा जाणे ही लक्षणे आढळू लागली. तथापि या निदानालाही पदाची व वर्णाची उतरंड होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एडिंबरोनजीकच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात केवळ अधिकाऱ्यांवर उपचार होत. भीषण आठवणी दडपल्याने विकार बळावतो, असे मानणारे डॉ. रिव्हर्स तेथे रुग्णांशी संवाद साधत. कवी सिगफ्रीड ससून हे त्यांपैकीच एक. सामान्य शिपायावर मात्र भित्रेपणाचा ठपका येण्याचा संभव असे. पलायन, भित्रेपणा आदी गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश संसदेने माफी दिली ती २००६ मध्ये!

फ्रान्समधील भारतीय सिपायांबाबत प्रश्नच निराळा विचारला गेला. हाताला जखमा झालेले सिपाही वाढताच त्यांनी स्वतःच इजा करून घेतली असावी, असा संशय बळावला. म्हणजे चर्चा मनःस्थितीची नव्हे, तर निष्ठेची झाली. ब्रायटन येथील किचनेर भारतीय रुग्णालयाचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १९१५ मध्ये १००० जखमांचे विश्लेषण केले. त्यातून या संशयास आधार मिळाला नाही. मात्र याच सेटन यांनी रुग्णांच्या बाहेर जाण्यावर कडक निर्बंध लादले होते, हेही नोंदविले पाहिजे.

सिपायांच्या मनाचा लिखित पुरावा रुग्णालयात नव्हे, तर टपाल-तपासणीच्या दप्तरात सापडतो. घरच्यांना धोका कळविताना काही जण 'काळी मिरी' म्हणजे भारतीय व 'तांबडी मिरची' म्हणजे गोरे सैनिक, अशी सांकेतिक भाषा वापरीत. तपासनीस ही पत्रे सैन्याचे मनोबल जोखण्यासाठी वाचत. अनेक सिपाही निरक्षर असल्याने मजकूर लेखनिकाकरवी लिहिला जाई, हे अभ्यासकाने विसरू नये.

मराठी मुलखाचा संबंध प्रामुख्याने मेसोपोटेमियाशी येतो. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या; २९ एप्रिल १९१६ रोजीच्या शरणागतीनंतर त्यांतील वाचलेल्या सैनिकांना तुर्कांच्या कैदेत जावे लागले. जखमी होऊन अपंगत्व आलेल्या भारतीय सैनिकांना व्यवसायशिक्षण देणारी क्वीन मेरी संस्था १९१७ मध्ये मुंबईत उभी राहिली व नंतर पुण्याजवळ खडकी येथे हलविली गेली. कैदेतून परतलेल्यांच्या घरी रात्री काय घडत असे, याचा शोध घ्यावयाचा तर पलटणींच्या इतिहासाबरोबर घराण्यांतील मौखिक आठवणींकडेही वळावे लागेल.