औषधदान ते परिग्रह-परिमाण : नगराध्यक्ष वैद्य निकोलास टुल्प

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चतुर्विध दानांची महती जैन श्रावकाला सांगावी लागत नाही. जैन धर्माचा परिचय नसलेल्या सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये एक वैद्य औषधाच्या शुद्धतेपासून नगराच्या संयमापर्यंत कसा पोहोचला, हे म्हणूनच उद्बोधक आहे.

निकोलास टुल्प यांचा जन्म १५९३ साली ॲम्स्टरडॅम येथे एका कापडव्यापाऱ्याच्या घरी झाला. लायडन विद्यापीठातून १६१४ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन ते स्वनगरी परतले. ट्यूलिप पुष्प हे त्यांनी आपले चिन्ह केले व तेच पुढे त्यांचे आडनाव झाले. १६२२ मध्ये ते नगरसभेचे सदस्य झाले. १६२८ पासून शल्यवैद्यांच्या संघात ते शरीररचनेचे अध्यापन करू लागले. १६३२ साली रेम्ब्रांटने रंगविलेल्या चित्रात ते शवविच्छेदन करून दाखवीत आहेत. याच चित्रामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले.

तथापि त्यांचे खरे लोककार्य औषधांच्या क्षेत्रात झाले. त्या काळी एकाच नावाचे औषध निरनिराळ्या दुकानांत निरनिराळ्या कृतीने बनविले जात असे. त्यात प्लेगची साथ आली. अशा वेळी सहकारी वैद्यांसह टुल्प यांनी १६३६ मध्ये नगरासाठी प्रमाणित औषधकोश सिद्ध केला. १६३८ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यमंडळाकडे औषधविक्रेत्यांवरील देखरेख सोपविण्यात आली.

पुढे १६५४, १६५६, १६६६ व १६७१ अशा चार वेळा ते नगराध्यक्षांपैकी एक झाले. इंग्लंडशी झालेल्या युद्धाने (१६५२-५४) व्यापाराची हानी झाली होती, तरी धनिकांच्या विवाहांतील थाट कमी झाला नव्हता. टुल्प यांच्या पुढाकाराने १६५५ मध्ये विवाहखर्चास मर्यादा घालणारा नियम झाला. पाहुणे पन्नासांहून अधिक नसावेत व सोहळा दोन दिवसांपलीकडे लांबू नये, असे ठरले.

येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. ॲम्स्टरडॅमची मर्यादा राजसत्तेने बाहेरून घातलेली होती. श्रावकाचे परिग्रह-परिमाण हे अणुव्रत तो स्वतः स्वीकारतो. म्हणून ते अधिक टिकाऊ असावयास हवे. तरीही आपल्या समाजातील विवाहांचा वाढता खर्च पाहता, व्रत पाठ असणे आणि ते आचरणे यांतील अंतर जाणवल्याशिवाय राहत नाही.

१६७२ साली टुल्प यांच्या नगरसभा-सदस्यत्वास पन्नास वर्षे पूर्ण झाली. १६७४ मध्ये हेग येथे त्यांचे देहावसान झाले. अर्धशतकाची सेवा किती काळ झाली, यापेक्षा तिने समाजाला कोणती शिस्त दिली, हाच सुवर्णमहोत्सवाचा खरा हिशेब होय.