राजपदापूर्वीचे इस्राएल

इस्राएल लोकांत राजपद निर्माण होण्यापूर्वी संकटसमयी पुढे येऊन त्यांचे नेतृत्व करणारास हिब्रू भाषेत 'शोफेट' म्हणत. मराठी बायबलात त्यासच 'शास्ता' म्हटले आहे. हा काळ स्थूलमानाने इ. स. पूर्वी बारावे व अकरावे शतक होय. त्याच्या किंचित आधी, इ. स. पूर्वी १२०८ च्या सुमारास, मिसरचा राजा मेर्नेप्ताह याने कोरविलेल्या शिलालेखात इस्राएलचे नाव आढळते. ते देश म्हणून नव्हे, तर एक लोकसमूह म्हणून.

या लोकांस राजधानी नव्हती, खडे सैन्य नव्हते, की कर वसूल करणारा अंमलदार नव्हता. परमेश्वर हाच आपला राजा ही श्रद्धा व शिलो येथील त्याचे देवस्थान, एवढेच काय ते त्यांच्या निरनिराळ्या वंशांस जोडणारे सूत्र होते. ते किती बळकट व किती तोकडे होते, हे दबोरेच्या गीतावरून दिसते. शास्त्यांच्या कथांस आजचे रूप पुष्कळ मागाहून आले असले, तरी हे गीत हिब्रू वाङ्मयातील अत्यंत जुन्या रचनांपैकी एक होय, असे बहुतेक पंडित मानतात. दबोरा ही स्त्री. खजुरीच्या झाडाखाली बसून ती लोकांचे तंटे तोडी. तिच्या हाकेसरशी सहा वंश सीसराशी लढावयास धावले. रऊबेन मात्र मेंढवाड्यांत राहिला, दान गलबतांपाशी, आशेर समुद्रकिनारी. न येणारांस गीताने लाजविले. त्यांस शासन करण्याचे साधन दबोरेपाशी नव्हते.

पुढे मिद्यानी लोकांचा पराभव केल्यावर गिदोनास लोकांनी विनविले की, त्याने व त्याच्यामागे त्याच्या पुत्रपौत्रांनी आपणांवर राज्य करावे. राज्य परमेश्वराचे, असे म्हणून त्याने ते नाकारले. परंतु त्याचाच पुत्र अबीमलेख याने शखेमच्या देवळातील चांदीवर भाडोत्री माणसे जमवून आपल्या भावांची कत्तल केली व तो तेथे राजा झाला. शिलोच्या एली याजकाचे पुत्र यज्ञातील मांस बळाने घेत. शमुवेलाचे पुत्र बैरशेबा येथे लाच खात.

राजाची मागणी पलिष्टी लोकांच्या भीतीमुळे झाली, असे सामान्यतः सांगतात, व ते खोटे नाही. तथापि वडील मंडळींची पहिली तक्रार शमुवेलाच्या पुत्रांविषयी होती, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. शास्त्याचा अधिकार ईश्वरी प्रेरणेवर उभा. ती प्रेरणा वारशाने मिळत नाही. घराण्याचा लोभ शिरताच ती संस्था ढासळली. आणि लोकांनी योजिलेला उपाय कोणता, तर जेथे पुत्राचा हक्क जन्मसिद्धच असतो ते राजपद! राजा तुमचे पुत्र रथांपुढे धावडवील, कन्या स्वयंपाकास लावील, धान्याचा दहावा भाग घेईल, असे शमुवेलाने बजाविले. कोणी ऐकले नाही.

तरीही जुनी श्रद्धा अगदीच वाया गेली नाही. दाविदासारख्या प्रतापी राजाच्या तोंडावर त्याचे पाप सांगणारा नाथान संदेष्टा निपजला, तो खरा राजा निराळाच आहे या विश्वासामुळेच, असे आम्हांस वाटते.