पादपांची तहान

संस्कृत भाषेने वृक्षास 'पादप' असे अन्वर्थक नाव दिले आहे. पायांनी, म्हणजे मुळांनी, पाणी पितो तो पादप. महाभारताच्या शान्तिपर्वातील भृगु-भरद्वाज संवादात असा दृष्टान्त आहे की, कमळाच्या देठाने मुखावाटे पाणी वर ओढावे, त्याप्रमाणे वृक्ष मुळांनी जल प्राशन करतो. हा दृष्टान्त किती समर्पक होता हे कळावयास पुष्कळ शतके जावी लागली. आणि त्या प्राशनात खंड पडला म्हणजे अरण्याचे काय होते, हे तर अगदी अलीकडे उलगडू लागले आहे.

इंग्लंडातील स्टीफन हेल्स ह्या धर्मोपदेशकाने सूर्यफुलाचे रोप कुंडीसह वारंवार तोलून, पानांवाटे किती पाणी उडून जाते ह्याचे माप १७२७ साली प्रसिद्ध केले. पुढे १८९४ साली डब्लिनच्या डिक्सन व जोली ह्यांनी त्यामागील मर्म सांगितले. पानांतून वाफ उडते तसतसा खोडातील सूक्ष्म नळ्यांतून पाण्याचा अखंड तंतू वर खेचला जातो. जलकण परस्परांस घट्ट धरून असतात, म्हणूनच तो तुटत नाही. परंतु ताणास मर्यादा असते. जमीन कोरडी पडली व हवा तापली, की ताण वाढतो, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि तंतू तुटतो. १९६६ साली मिलबर्न व जॉन्सन ह्या संशोधकांनी तहानलेल्या एरंडातील ही तुटातूट यंत्राच्या साह्याने टिकटिक अशी प्रत्यक्ष ऐकली. अशा पुष्कळ नळ्या निकामी झाल्या म्हणजे वृक्ष उभ्या उभ्या वाळतो.

हे टाळण्यासाठी वृक्ष पानांची रंध्रे मिटून घेतो. पण अन्न तयार करण्यास लागणारा कर्बवायूही त्याच रंध्रांतून आत येतो. रंध्रे उघडी ठेवावी तर तहान, मिटावी तर उपवास, असा हा पेच आहे. क्षीण झालेल्या पाइन वृक्षास सालीखालील किडे थोपविण्यापुरती राळही स्रवता येत नाही. म्हणून मृत्यूचे निमित्त पुष्कळदा किडा ठरतो. मूळ कारण मात्र अवर्षण असते.

ह्याचा इतिहास अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात स्पष्ट वाचता येतो. १९५० च्या दशकातील अवर्षणात न्यू मेक्सिकोमधील एका पठारावर पाँडेरोसा पाइनच्या अरण्याची सीमा पाच वर्षांच्या आत दोन किलोमीटर वा अधिक मागे हटली. पाऊस परतला, पण पुढील चाळीस वर्षांतही ते अरण्य परतले नाही. २००० नंतरच्या दुष्काळाच्या वेळी हवा १९५० च्या काळाहून उष्ण होती. तेव्हा त्याच प्रदेशात बारकाईने अभ्यासलेल्या एका ठिकाणचे पिन्यॉन पाइन नव्वद टक्क्यांहून अधिक मेले. कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ ह्या काळात भीषण अवर्षण पडले. तेथे २०१० पासून २०१७ पर्यंत मेलेल्या वृक्षांची संख्या अमेरिकेच्या वनखात्याने १२ कोटी ९० लाख सांगितली.

हे कोरड्या मुलखाचे दुःख, आपल्या हिरव्या सह्याद्रीस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातील २२६ वृक्षजाती तपासल्या गेल्या. त्यांतील सुमारे ७० टक्के जाती आपल्या नळ्या निकामी होण्याच्या मर्यादेजवळच जगत असल्याचे आढळले. आणि हे कोरड्या तसेच पावसाळी अशा दोन्ही प्रकारच्या अरण्यांस लागू पडते. विपुल पाण्यात वाढलेल्या वृक्षाने थोड्या पाण्याची तयारी केलेली नसते.

गोमंतकात सत्तरीतील निरंकाराच्या राईत रानजायफळाचे दलदलीतील वृक्ष उभे आहेत. त्यांचे सारे जीवित बारमाही ओलाव्यावर अवलंबून आहे. देवाच्या राईत कुऱ्हाड चालवू नये, हा निर्बंध आपल्या पूर्वजांनी घालून दिला व पिढ्यान्पिढ्या पाळला. अशा राया टिकल्या त्या त्यामुळेच. पण पाण्यावाचून मरणाऱ्या वृक्षास कुऱ्हाडीची गरज लागत नाही. राईच्या माथ्यावरील डोंगर उघडा झाला, झरा आटला, तर तो निर्बंध अक्षरशः पाळूनही राई जाईल. म्हणून राईचे रक्षण म्हणजे तिच्या झऱ्याचेही रक्षण, असाच अर्थ ह्यापुढे आपणांस घ्यावा लागेल. पादप ह्या नावातच तो सांगितलेला आहे.