पवनारचा धडा



आपल्या तुकडीतल्या कितीतरी मुली आज मुख्याध्यापिका, डॉक्टर, सरपंच, बँकेत शाखाधिकारी आहेत. तरी पद मिळताना ‘बाईला झेपेल का?’ हा प्रश्न बहुतेकींनी ऐकला आहे. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे, म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

१९५१ साली विनोबा पवनारहून निघाले आणि भूदानासाठी देशभर पायी फिरू लागले. पदयात्रा चालू असतानाच, २५ मार्च १९५९ रोजी, धाम नदीकाठच्या त्यांच्या आश्रमात ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. शंकराचार्यांसारखी ज्ञानी आणि विरक्त स्त्री निर्माण झाल्याशिवाय स्त्रियांची मुक्ती नाही, असे विनोबांचे मत होते. मात्र तशी स्त्री घडवायला ते स्वतः तिथे मुक्काम ठोकून बसले नाहीत. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या बहिणींवर त्यांनी सगळा कारभार सोपवला.

शेती, गोठा, स्वयंपाक, सफाई अशी सगळी कामे त्या स्वतः करीत. पुढे ‘मैत्री’ हे हिंदी मासिक निघाले, तेव्हा खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे कामही त्यांनीच केले. प्रमुख म्हणून कोणाची नेमणूक नाही आणि निर्णय सर्वसंमतीने, ही तिथली रीत. सर्वसंमती म्हटली की गप्प बसून चालत नाही. प्रत्येकीला बोलावे लागते आणि दुसरीचे ऐकावेही लागते. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबा गेले. त्यानंतरही बहिणींनी आश्रम चालवला.

सेवाग्रामचे उदाहरण वेगळ्या धर्तीचे. केंद्रात आरोग्यमंत्री राहिलेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. एका बाईच्या नेतृत्वाखाली, तेही खेड्यात, एवढी मोठी संस्था उभी राहिलेली आपल्या जिल्ह्याने पाहिली.

कार्यालयात सर्वसंमतीने कारभार चालणार नाही, हे मलाही कळते. पण पवनारचा धडा तिथेही लागू पडतो. माझ्या नोकरीत महिलांसाठी नेतृत्वाची दोन दिवसांची शिबिरे झाली. हाती फाइल आली, प्रमाणपत्र आले. अधिकार मात्र जिथे होते तिथेच राहिले. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक महिला सक्तीची केली. खुर्ची अशी कायद्याने मिळते. पण निर्णय घ्यायची सवय लागते ती जबाबदारी हाती आल्यावरच, आणि ती लहान वयात आलेली बरी.

म्हणून या मेळाव्यात माझी एक सूचना आहे. आपण जमवलेल्या निधीतून शाळेच्या वाचनालयासाठी जी रक्कम देणार आहोत, तिचा खर्च नववीच्या मुलींच्या समितीकडे सोपवावा. पुस्तके त्यांनी निवडावीत, दर त्यांनी मागवावेत, हिशेबही त्यांनीच मांडावा. गुरुजनांनी विचारले तेवढेच सांगावे. एखादे पुस्तक चुकीचे आले तर येऊ द्या. पुढच्या वर्षी त्या अधिक जपून निवडतील.