कोविड-१९ महासाथ आणि शिरूर व दौंड तालुक्यांतील माध्यमिक शिक्षण

कोविड-१९ महासाथीच्या काळात, म्हणजे मार्च २०२० ते एप्रिल २०२२ या सुमारे दोन वर्षांत, पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांमधील माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांचे कामकाज वारंवार खंडित झाले. या अवधीत इयत्ता नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण काही काळ दूरस्थ पद्धतीने, काही काळ मर्यादित उपस्थितीत, तर काही महिने नाममात्रच चालले. परीक्षा, प्रवेश, प्रवास, खेळ व सहशालेय उपक्रम या शालेय जीवनाच्या सर्वच अंगांवर तिचा परिणाम झाला. प्रस्तुत लेखात राज्यस्तरीय निर्णय आणि या दोन तालुक्यांतील परिस्थिती यांचा एकत्रित आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

शिरूर (घोडनदी) हे घोड नदीच्या काठी, पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) महामार्गावर वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. दौंड हे भीमा नदीकाठचे शहर मध्य रेल्वेचे महत्त्वाचे जंक्शन असून तेथे राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत. दोन्ही तालुके एकमेकांना लागून असून त्यांच्यामधून भीमा नदी वाहते. शिरूर तालुक्यात रांजणगाव, सणसवाडी व शिक्रापूर परिसरात, तर दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. उर्वरित भाग मुख्यत्वे शेतीचा असून ऊस हे बागायती पट्ट्यातील प्रमुख पीक आहे. साखर कारखाने व गुऱ्हाळे यांमुळे हंगामात ऊसतोड कामगारांची, तर कारखान्यांमुळे परप्रांतीय कामगारांची कुटुंबे येथे वास्तव्यास असतात. त्यामुळे एकाच वर्गात बागायतदार, कारखान्यातील कामगार, रेल्वे व पोलीस कर्मचारी आणि शेतमजूर अशा भिन्न परिस्थितीतील घरांची मुले शिकतात.

ग्रामीण महाराष्ट्रात प्राथमिक शाळा प्रामुख्याने जिल्हा परिषदेच्या, तर माध्यमिक शाळा बहुतांशी खासगी अनुदानित संस्थांच्या असतात. प्राथमिक शाळा गावात किंवा वस्तीवर असते. माध्यमिक शाळेसाठी मात्र विद्यार्थ्याला सायकल, एसटी बस किंवा खासगी वाहनाने मोठ्या गावी जावे लागते. महासाथीच्या काळात प्रवासाचा प्रश्न या विद्यार्थ्यांपुढे अधिक तीव्रतेने उभा राहिला, तो यामुळे.

या परिसराचा साथरोगाशी आलेला हा पहिला संबंध नव्हे. इ.स. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ असताना पंडिता रमाबाईंनी दुष्काळग्रस्त भागातून आणलेल्या मुलींना शहरात ठेवणे निर्बंधांमुळे शक्य झाले नाही. त्या मुलींना दौंड तालुक्यातील केडगाव येथे हलविण्यात आले आणि पुढे तेथे मुक्ती सदन उभे राहिले.

शाळा बंद होणे (मार्च–जून २०२०)

महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. राज्य शासनाने १३ मार्च रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा, १८९७ लागू केला आणि मार्चच्या मध्यास शाळा बंद करण्याचे आदेश निघाले. त्या वेळी दहावीची परीक्षा सुरू होती. २३ मार्च रोजी होणारा भूगोलाचा शेवटचा पेपर प्रथम लांबणीवर टाकण्यात आला व नंतर रद्द झाला. त्या विषयाचे गुण इतर विषयांतील गुणांच्या सरासरीने देण्यात आले. पहिली ते आठवीच्या, आणि पुढे नववी व अकरावीच्या वार्षिक परीक्षाही रद्द झाल्या. नववी व अकरावीच्या विद्यार्थ्यांना प्रथम सत्रातील कामगिरीच्या आधारे वरच्या वर्गात पाठविण्यात आले.

२५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्याने दौंडहून पुण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांची व नोकरदारांची नेहमीची वाहतूक खंडित झाली. एप्रिल २०२० च्या अखेरीस मुंबईतील बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस बलाच्या जवानांना दौंड येथे संसर्ग झाल्याचे आढळले. पुणे–मुंबईहून गावी परतलेल्या नागरिकांच्या विलगीकरणासाठी ग्रामीण भागात अनेक ठिकाणी शाळांच्या खोल्या वापरण्यात आल्या. शिक्षकांना सर्वेक्षण, तपासणी नाके व तत्सम कामे देण्यात आली. सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत घरोघरी सर्वेक्षण झाले.

दूरस्थ शिक्षण

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे या संस्थेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने अभ्यासमाला सुरू केली. तिचे दैनिक पाठ व्हॉट्सॲपद्वारे शिक्षकांकडून पालकांपर्यंत पोहोचत. ‘दीक्षा’ हे ॲप, पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड आणि बालभारतीची ई-पुस्तके ही इतर साधने होती. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ती पहिली ते आठवीसाठी असल्याने नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना तिचा थेट उपयोग नव्हता. व्हॉट्सॲपवर साप्ताहिक सराव घेणारा ‘स्वाध्याय’ हा उपक्रम त्याच वर्षी सुरू झाला. केंद्र शासनाच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनुसार नववी ते बारावीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या जास्तीत जास्त चार ऑनलाइन तासिकांची मर्यादा होती. जुलै २०२० मध्ये राज्य शासनाने २०२०-२१ या वर्षाचा अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला.

या पद्धतीची मुख्य अडचण साधनांची होती. ‘असर’ सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के व २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. तथापि घरात फोन असणे म्हणजे तो मुलाच्या हाती असणे नव्हे. एकुलता एक फोन कामावर जाणाऱ्या वडिलांबरोबर जात असे, आणि तो घरी येईपर्यंत तासिका संपलेली असे. दोन-तीन भावंडे असल्यास फोनची वाटणी करावी लागे व पुष्कळदा दहावीत असलेल्यास पहिला मान मिळे. विजेचे भारनियमन, वाड्यावस्त्यांवर क्षीण असणारी रेंज आणि डेटाचा खर्च या अडचणी वेगळ्याच. काही शिक्षकांनी गृहभेटी, छापील स्वाध्यायपत्रिका व पारावर किंवा मंदिराच्या ओट्यावर लहान गट बसवून शिकविणे हे मार्ग अवलंबिले.

कृतिप्रधान विषयांचे नुकसान अधिक झाले. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमातून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा हाताने काम करत शिकण्याचा विषय माध्यमिक शाळांत गेला. असे विषय, तसेच प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिके, मोबाइलच्या पडद्यावरून शिकविणे शक्य नव्हते.

शाळा पुन्हा सुरू व पुन्हा बंद

राज्य शासनाने २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी दिली. अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपविला. शिक्षकांची आरटी-पीसीआर चाचणी, पालकांचे लेखी संमतिपत्र, एका बाकावर एक विद्यार्थी, निम्म्या विद्यार्थ्यांना आलटून-पालटून बोलाविणे, मुखपट्टी व तापमान तपासणी या अटी होत्या. उपस्थिती सक्तीची नव्हती. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू करण्यासही राज्याने मुभा दिली. परंतु रुग्णसंख्या वाढल्याने फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस पुणे जिल्ह्यातील शाळा पुन्हा बंद झाल्या.

दुसरी लाट ग्रामीण भागात अधिक पसरली. अनेक घरांतील कर्ती माणसे आजारी पडली वा दगावली. दोन्ही पालक गमावलेल्या बालकांसाठी राज्य शासनाने जून २०२१ मध्ये पाच लाख रुपयांच्या मुदतठेवीची योजना जाहीर केली. १ जुलै २०२१ पासून मागील इयत्तेची उजळणी करणारा ४५ दिवसांचा ‘सेतू अभ्यासक्रम’ राबविण्यात आला. कोविडमुक्त गावांमध्ये १५ जुलै २०२१ पासून आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्याची परवानगी मिळाली, तर ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग सर्वत्र सुरू झाले. ओमायक्रॉनमुळे जानेवारी २०२२ मध्ये शाळा आणखी एकदा बंद झाल्या व पुणे जिल्ह्यात १ फेब्रुवारीपासून उघडल्या. दरम्यान ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले होते.

एसटी संप आणि विद्यार्थी

शाळा उघडल्या त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस, राज्य परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. शिरूर व दौंड येथे एसटीची आगारे आहेत व आसपासच्या गावांतील विद्यार्थ्यांची ने-आण त्यांच्या गाड्यांवर अवलंबून असते. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. गाड्याच बंद असल्याने हा पास निरुपयोगी ठरला. खासगी वाहनाचे भाडे न परवडणाऱ्या घरांत मुलीचे शाळेत जाणे थांबण्याचा धोका सर्वाधिक होता. शाळा उघडली तरी शाळेपर्यंत पोहोचण्याची सोय नाही, अशी ही दुहेरी अडचण होती.

परीक्षा व निकाल

२०२१ मधील दहावीची परीक्षा २० एप्रिल रोजी, तर बारावीची परीक्षा ३ जून रोजी रद्द झाल्याचे जाहीर झाले. दहावीचा निकाल नववीच्या निकालास ५० टक्के, दहावीतील अंतर्गत लेखी मूल्यमापनास ३० टक्के आणि तोंडी, प्रात्यक्षिक व गृहपाठास २० टक्के भारांश देऊन तयार करण्यात आला. या तुकडीची नववीची वार्षिक परीक्षाही एप्रिल २०२० मध्ये रद्द झालेली असल्याने त्यांच्या दहावीच्या गुणपत्रिकेचा निम्मा भाग अखेरीस २०१९ मधील प्रथम सत्राच्या कामगिरीवर उभा होता. सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांचा निकाल ९९.९५ टक्के लागला. अकरावी प्रवेशासाठी २१ ऑगस्ट २०२१ रोजी योजिलेली सामाईक परीक्षा मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट रोजी रद्द ठरविली.

दहावीचे राज्याचे निकाल पुढीलप्रमाणे होते :

२०१९ – ७७.१० टक्के
२०२० – ९५.३० टक्के
२०२१ – ९९.९५ टक्के (परीक्षा न होता)
२०२२ – ९६.९४ टक्के
२०२३ – ९३.८३ टक्के

या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. २०१९ मध्ये भाषा विषयांचे अंतर्गत गुण नव्हते, ते २०२० मध्ये पुन्हा देण्यात आले. २०२२ ची परीक्षा (१५ मार्च ते ४ एप्रिल) ७५ टक्के अभ्यासक्रमावर, वाढीव वेळेसह व ‘शाळा तेथे केंद्र’ या तत्त्वावर झाली. एसटी संपाच्या काळात परीक्षाकेंद्र आपल्याच शाळेत असणे ग्रामीण विद्यार्थ्यांच्या सोयीचे ठरले. मात्र दीड-दोन वर्षे लेखनाचा सराव नसल्याने तीन तास सलग लिहिणे अनेकांना जड गेले. वाढीव वेळ देण्यामागे हेच कारण होते. २०२३ पासून पूर्ण अभ्यासक्रमावर परीक्षा होऊ लागली.

शालेय जीवन व विद्यार्थ्यांच्या बातम्या

मराठी शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि बातम्यांचे वाचन हे त्याचे घटक असून बातम्या विद्यार्थीच वाचतात. शाळा बंद झाल्यावर हा परिपाठ थांबला व त्याबरोबर फलकलेखन, भित्तिपत्रक आणि हस्तलिखित हे विद्यार्थ्यांच्या लेखनाचे पारंपरिक मार्गही खुंटले. त्यांची जागा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटाने घेतली. सूचना, गृहपाठ, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि शोकसंदेश सारे तेथेच येऊ लागले. परीक्षा रद्द झाल्याच्या किंवा शाळा सुरू होणार असल्याच्या अफवाही याच मार्गाने पसरत, आणि खरी सूचना कोणती हे शिक्षकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागे.

स्नेहसंमेलने, सहली, क्रीडास्पर्धा व विज्ञान प्रदर्शने या काळात झाली नाहीत किंवा ऑनलाइन झाली. दहावीच्या सलग दोन तुकड्यांना निरोपसमारंभाचे शालेय वर्ष नेहमीसारखे पूर्ण करता आले नाही : एकीचा अखेरचा पेपर झाला नाही, दुसरीची परीक्षाच झाली नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी दौंड तालुक्यातील यवत व वरवंड येथे मुक्काम करते. २०२० व २०२१ मध्ये पायी वारी झाली नाही व पादुका बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. त्यामुळे या गावांतील मुलांना वारकऱ्यांच्या सेवेचा वार्षिक अनुभवही मिळाला नाही.

परिणाम

अध्ययनातील खंड, लेखनाचा मंदावलेला वेग आणि एकाग्रतेचा अभाव या बाबी शाळा उघडल्यानंतर प्रकर्षाने दिसल्या. आर्थिक ओढाताणीमुळे काही मुले शेतात, गुऱ्हाळावर किंवा दुकानात कामाला लागली आणि त्यांना वर्गात परत आणणे हे शिक्षकांपुढील मोठे काम ठरले. आठवीपर्यंतचे शिक्षण कायद्याने सक्तीचे असले तरी नववी व त्यापुढील विद्यार्थी त्या कक्षेबाहेर आहेत, म्हणून या वयोगटातील गळती अधिक गंभीर मानली जाते.

दुसऱ्या बाजूस, शिक्षकांनी डिजिटल साधने आत्मसात केली, पालकांचा शाळेशी संपर्क वाढला आणि अनेक विद्यार्थ्यांना स्वतः शोधून शिकण्याची सवय लागली. गुणपत्रिकेवरील टक्केवारी उंचावलेली असताना प्रत्यक्ष अध्ययन मात्र मागे पडलेले, ही या काळातील माध्यमिक शिक्षणाची मुख्य विसंगती होय.

हेही पहा

महाराष्ट्रातील कोविड-१९ महासाथ
शिरूर तालुका
दौंड तालुका
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ
पंडिता रमाबाई