श्वास घ्यावासा का वाटतो? कारण ऑक्सिजन संपणे हे नाही!

नाक-तोंड बंद करून श्वास रोखला की अर्ध्या-एक मिनिटात जीव कासावीस होऊ लागतो. शरीरातला ऑक्सिजन संपत आल्यामुळे असे होते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या वेळी रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतो. जीव कासावीस होतो तो कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. हा फरक किरकोळ वाटेल, पण सेप्टिक टँक, बंद बाथरूम आणि पोहण्याचे तलाव इथे होणारे अनेक मृत्यू त्याच्याशी जोडलेले आहेत.

हवेचा प्रवास

नाकातून आत येणारी हवा आधी गाळली जाते, गरम होते आणि ओलसर होते. पुढे घसा आणि स्वरयंत्र ओलांडून ती श्वासनलिकेत जाते. या नलिकेला दोन फाटे फुटतात, एक उजव्या फुप्फुसात आणि एक डाव्या फुप्फुसात. पुढे झाडाच्या फांद्यांप्रमाणे सुमारे 23 वेळा फाटे फुटत जातात आणि शेवटी द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे वायुकोश लागतात.

माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून कोट्यवधी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण 70 चौरस मीटर, म्हणजे एका मध्यम आकाराच्या फ्लॅटएवढी जागा व्यापतील.

हवा आत कशी येते?

फुप्फुसे स्वतःहून फुगू शकत नाहीत. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू असतो. तो आकुंचन पावला की खाली सरकतो, बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, छातीतली पोकळी वाढते. आतला दाब कमी झाल्यामुळे बाहेरची हवा आत शिरते. श्वासपटल सैल पडले की फुप्फुसे रबरासारखी मूळ आकारात येतात आणि हवा बाहेर पडते.

शांत बसलेली प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेते. एका श्वासात जवळपास अर्धा लिटर हवा आत जाते.

रक्त आणि हवा यांची देवाणघेवाण

प्रत्येक वायुकोशाभोवती अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा एका मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. त्यातून ऑक्सिजन रक्तात जातो आणि लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटतो. कार्बन डायऑक्साइड उलट दिशेने बाहेर येतो.

आत घेतलेल्या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो, तर बाहेर सोडलेल्या हवेत सुमारे 16 टक्के. म्हणजे एका श्वासातला बराचसा ऑक्सिजन आपण न वापरताच परत सोडतो. तोंडाने दिलेला कृत्रिम श्वास उपयोगी पडतो, तो यामुळेच.

मेंदू नेमके काय मोजतो?

श्वासाची लय मेंदूच्या खालच्या भागातून, मुख्यतः मस्तिष्कपुच्छातून ठरते. कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्ताची आम्लता वाढते. हा बदल मेंदूला लगेच कळतो आणि तो श्वास जलद व खोल करतो. मानेतल्या मोठ्या धमन्यांजवळ ऑक्सिजनची नोंद घेणाऱ्या पेशीही असतात. मात्र ऑक्सिजन बराच खाली गेल्याशिवाय त्या जोराने इशारा देत नाहीत.

थोडक्यात, ‘गुदमरतंय’ ही जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे होते. ऑक्सिजन कमी झाला, पण कार्बन डायऑक्साइड वाढला नाही, तर धोक्याची घंटा वाजतच नाही.

घंटा न वाजणारे धोके

पाण्याखाली जास्त वेळ राहण्यासाठी काही जण बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतात. रक्तातले हिमोग्लोबिन आधीच ऑक्सिजनने जवळपास पूर्ण भरलेले असल्यामुळे त्यातून ऑक्सिजन फारसा वाढत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. मग श्वास घ्यावासा वाटण्याआधीच ऑक्सिजन तळाला जातो आणि पट्टीचा पोहणाराही पाण्याखाली बेशुद्ध होतो.

बंद बाथरूममधल्या गॅस गिझरला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. ऑक्सिजनच्या तुलनेत तो हिमोग्लोबिनला 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. दम लागण्याऐवजी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते आणि शुद्ध हरपते. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही इथे फसतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते.

सेप्टिक टँक, गटारे आणि बराच काळ बंद असलेल्या विहिरी यांत ऑक्सिजन फार कमी असू शकतो, शिवाय विषारी वायूही असतात. ऑक्सिजन अगदीच कमी असेल तर काही श्वासांतच माणूस कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत अनेकांचे जीव जातात ते असे. संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

कोरोनाच्या साथीतही असे रुग्ण दिसले. ऑक्सिजनची पातळी धोकादायक असूनही ते फोनवर आरामात बोलत असत. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहिल्यामुळे त्यांना दम लागत नव्हता, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

काय लक्षात ठेवावे?

• बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊ नये. श्वास रोखण्याचा सराव पाण्यात एकट्याने कधीच करू नये.
• गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी बसवावा. आंघोळ करताना डोके जड झाले तर लगेच बाहेर यावे.
• टाकीत किंवा विहिरीत कोणी कोसळले तर मागोमाग उतरू नये. अग्निशमन दलाला 101 वर आणि रुग्णवाहिकेसाठी 108 वर फोन करावा.
• कंदील किंवा काडी पेटवून टाकीतली हवा तपासू नये. आत मिथेन असेल तर स्फोट होऊ शकतो.

‘मला काही त्रास होत नाही, म्हणजे हवा चांगली आहे’ हा अंदाज घातक ठरू शकतो. खराब हवेची खूण प्रत्येक वेळी शरीर देईलच असे नाही.