अस्सल पुतळी आणि नकली पुतळी

आपल्या ज्ञातीतील अनेक जुन्या घराण्यांत पुतळ्यांची माळ स्त्रीधन म्हणून पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. वाटणीच्या अथवा मोडीच्या प्रसंगी ती सराफकट्ट्यावर जाते, आणि 'ही पुतळी खोटी' एवढे तीनच शब्द कानी पडले की घरात कलह माजतो व माळ देणाऱ्या माहेरावर संशय घेतला जातो. म्हणून या 'खोटी' शब्दाचा नेमका अर्थ काय, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

पुतळी हे मुळात इटलीतील व्हेनिस या व्यापारी नगरराज्याचे सुवर्णनाणे होय. तेथे त्यास ड्युकॅट म्हणत. इ. स. १२८४ मध्ये ते प्रथम पाडण्यात आले आणि इ. स. १७९७ मध्ये नेपोलियनने ते राज्य बुडवीपर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, त्याचे वजन, कस व चित्र जवळजवळ तेच राहिले. एका बाजूस संत मार्क, व त्याच्यापुढे गुडघे टेकून ध्वजदंड धरणारा राज्यप्रमुख, म्हणजे 'डोज'. दुसऱ्या बाजूस लंबवर्तुळात तारकांच्या मध्ये उभा असलेला ख्रिस्त. या मानवाकृतींवरूनच आपल्याकडे त्यास 'पुतळी' हे नाव पडले. दक्षिणेत तर ध्वजदंडाला माड समजून त्यावर चढणारा मनुष्यही लोकांनी त्यात पाहिला!

मिरी, मसाले व कापड यांच्या मोबदल्यात हे नाणे तांबड्या समुद्राच्या मार्गाने आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येई. त्यावरील लॅटिन अक्षरे येथे कोणास वाचता येत नव्हती. परंतु सोने चोख, ही खात्री चित्र पाहताच पटे. साहजिकच येथील कारागिरांनी त्याच चित्राच्या पुतळ्या घडविण्यास प्रारंभ केला. लिपी अपरिचित असल्याने अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा व ठिपके आले, आणि आकृतींनी हळूहळू देशी वळण घेतले.

यावरून पुतळ्यांचे तीन प्रकार ठरतात. पहिली व्हेनिसच्या टांकसाळीची. दुसरी देशी घडणीची, जिचे सोने चोख परंतु नाणे नक्कल. तिसरी हिणकस धातूवर मुलामा दिलेली. फसवणूक तिसरीत आहे. दुसरीस खोटी म्हणणे हा ती घडविणाऱ्यावर व देणाऱ्यावर, दोघांवरही अन्याय होय. सोने खरे की खोटे हा एक प्रश्न, आणि नाणे मूळचे की नकलेचे हा दुसरा.

पहिल्या प्रश्नासाठी तराजू हवा. अस्सल पुतळी सुमारे ३.५ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने सुमारे २९ गुंजा भरते. सोने पाण्याच्या १९.३ पट जड, तर चांदी १०.५ पट. म्हणून तेवढ्याच आकाराची व जाडीची चांदीची चकती १.९ ग्रॅमच भरेल. वजन जुळवावयाचे तर जाडी वाढवावी लागते, आणि तेथेच लबाडी उघडी पडते. टंगस्टन ही धातू मात्र जवळजवळ सोन्याइतकीच जड असल्याने अलीकडे केवळ वजनावर विसंबता येत नाही. पण ती कठीण व ठिसूळ असते, तर चोख सोन्याची पातळ पुतळी सहज वाकते. कसोटीचा दगड वा हल्लीचे क्ष-किरणांचे यंत्र मुख्यतः पृष्ठभागच पाहते, हेही ध्यानी असावे. माळेतील पुतळीस कडी झाळलेली असते. तिचे व झाळणाचे वजन हिशेबात धरावे.

दुसऱ्या प्रश्नासाठी भिंग घ्यावे. ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरे रेखीव असतात. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक छिद्रे व बोथट कडा दिसतात. अस्सल पुतळीवर सन नसतो, पण त्या त्या डोजचे नाव असते. त्यावरून काळ ठरविता येतो. लुदोविको मानिन हा शेवटचा डोज इ. स. १७८९ ते १७९७ या काळातला. अक्षरे अर्थहीन असतील तर पुतळी बहुधा देशी समजावी. आज पेठेत नव्याने घडविलेल्या पुतळ्यांवर तर पुष्कळदा लक्ष्मीची मूर्ती असते. त्यांना कोणी नाणे म्हणत नाही, आणि खोटेही म्हणत नाही.

आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती आहे की, परीक्षा झाल्यावाचून जुनी माळ आटवू नये, कानस लावू नये, उजाळा देऊ नये. मूळ व्हेनिसच्या नाण्यास संग्राहक सोन्याच्या भावाहून अधिक मोल देतात. आटविल्यावर मात्र भावापुरतेच सोने उरते. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी नेण्यास १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याचा प्रतिबंध आहे, हेही परदेशस्थ मुलामुलींना सांगून ठेवावे. आणि माळ कोणी, कोणास, कोणत्या लग्नात दिली हे एका कागदावर लिहून तिच्याबरोबर ठेवावे. पुतळीवरील अक्षरे आपल्या पूर्वजांना वाचता आली नाहीत. आपण लिहिलेली तरी पुढच्यांना वाचता यावीत.